‘चालेल’ म्हणजे होकार का?

मराठीत ‘चालेल’ हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात ‘हो’ आहे, ‘तुमची इच्छा असेल तर’ आहे, ‘आता काय बोलणार’ आहे आणि कधीकधी ‘विषय बदला’सुद्धा आहे. घरात आपल्याला तो बरोबर कळतो. आई ‘आवडेल’ म्हणाली तर एक अर्थ, ‘चालेल’ म्हणाली तर दुसरा आणि ‘चालेल की, न चालायला काय झालं’ म्हणाली तर तिसराच. पण हाच शब्द इंग्लंडमधल्या एखाद्या कौन्सिलच्या सोशल वर्करसमोर उच्चारला गेला आणि दुभाष्याने तो ‘येस, दॅट्स फाइन’ असा पुढे पोचवला, की फॉर्मवर खूण होते: संमती आहे.

इथल्या ‘केअर ॲक्ट २०१४’ या कायद्याप्रमाणे कौन्सिलने वृद्ध किंवा आजारी माणसाच्या गरजा तपासताना, त्याला रोजच्या आयुष्यात काय हवंय हे त्यालाच विचारायचं असतं. स्वतःचं भलं कशात आहे हे त्या माणसालाच सगळ्यात चांगलं कळतं, या गृहीतकापासून सुरुवात करा, असं कायदाच सांगतो. मी समाजकार्य या विषयात पीएच.डी. केली आणि आता पोस्टडॉक करते आहे. परदेशात म्हाताऱ्या झालेल्या माणसांची काळजी कोण ठरवतं, कशी ठरवतं, हा माझ्या अभ्यासाचा भाग. त्यामुळे या गृहीतकाशी माझी रोजची गाठ असते. मला ते पटतं. आणि मराठी घरात पाऊल टाकलं की ते अडखळतं, हेही दिसतं.

एक आजी डोळ्यांसमोर आणा. ही कुणी एक बाई नव्हे. अनेक घरांतून ऐकलेल्या गोष्टींतून मी ती जुळवली आहे, कारण खऱ्या कुणाची गोष्ट सांगायचा मला अधिकार नाही. वय ७८, मूळ साताऱ्याकडची. नवरा गेल्यावर मुलाकडे आली. तेव्हा आईवडिलांना इकडे आणणं आजच्याइतकं अवघड नव्हतं, २०१२ नंतर ते नियम फार कडक झाले. नातवंडं तिनेच मोठी केली. मग दोनदा पडली, दुसऱ्या वेळी खुब्याचं हाड मोडलं. आता हॉस्पिटलला खाट मोकळी करून हवी आहे. पर्याय तीन. मुलाच्या घरी राहायचं आणि दिवसातून चार वेळा केअरर येणार. किंवा केअर होम. किंवा साताऱ्याला धाकट्या बहिणीकडे परत, सोबतीला एक बाई ठेवून. सोशल वर्कर तिन्हींबद्दल विचारते. तिन्हींना उत्तर एकच, ‘चालेल.’ ती पुन्हा विचारते, तेव्हा आजी जरा दमून म्हणते, ‘मुलगा म्हणेल तसं.’

हा आजीचा निर्णय झाला का?

समाजकार्याच्या पहिल्याच वर्षी ‘सेल्फ-डिटरमिनेशन’ शिकवतात, मराठीत स्वयंनिर्णय. हा शब्द ऐकला की आपल्याला राष्ट्रं आणि सार्वमत आठवतात, पण इथे प्रश्न एका माणसाचा आहे. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले फेलिक्स बीस्टेक नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते. त्यांनी १९५७ मध्ये ‘द केसवर्क रिलेशनशिप’ या छोट्या पुस्तकात, मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्या नात्याची सात तत्त्वं मांडली. समोरच्याला प्रकार न मानता एक माणूस मानणं, त्याला मन मोकळं करू देणं, स्वतःच्या भावनांवर लगाम ठेवणं, त्याला आहे तसा स्वीकारणं, त्याचा निवाडा न करणं, त्याचं गुपित राखणं, आणि त्याचे निर्णय त्याला घेऊ देणं. यातली सहा कुठल्याही शहाण्या मराठी आजीला सहज पटतील. सातव्यापाशी ती थांबेल. ‘अगं, पण घरच्यांनी बघायला नको का?’

हे तत्त्व आलं कुठून ते पाहिलं तर त्याची धार कळते. लंडनमध्ये १८६९ साली ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ निघाली आणि पुढे अमेरिकेतही तशा संस्था झाल्या. त्यांचे स्वयंसेवक गरिबांच्या घरी जात, मायेने चौकशी करत, आणि हा मदतीला लायक आहे की नालायक ते ठरवत. दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, चर्चला जातो का. हेतू चांगलाच होता. पण गरिबाचं भलं कशात आहे हे गरिबाखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. स्वयंनिर्णयाचं तत्त्व ही या चांगुलपणाविरुद्धची तक्रार आहे. चांगल्या हेतूने केलेली दांडगाई ही दांडगाईच असते, हे या व्यवसायाला स्वतःच्या इतिहासातून शिकावं लागलं.

आपल्याकडचा शब्द ‘समाजसेवा’. विद्यापीठांनी जाणीवपूर्वक ‘समाजकार्य’ रूढ केला, तरी बोलताना तोंडात ‘सेवा’च येते. सेवा आपण कुणाची करतो? देवाची, आईवडिलांची, गुरूची. त्यात नम्रता आहे, कष्ट आहेत, प्रेम आहे. फक्त विचारणं नाही. आज नैवेद्याला काय करू, असं देवाला कुणी विचारत नाही. मोदक ठरलेले असतात. म्हाताऱ्या आईची सेवा करणारा मुलगाही पुष्कळदा तिला असंच देव्हाऱ्यात बसवतो. सगळं वेळेवर, सगळं मनापासून, आणि तिला काय हवंय हा प्रश्नच उद्भवत नाही. तो वाईट मुलगा नसतो. उलट असे मुलगेच या प्रश्नाने सगळ्यात जास्त दुखावतात.

इथला कायदा या दुखावण्यात भर घालतो. आपल्याला वाटतं, मी मुलगा आहे, डॉक्टर मलाच विचारतील. इंग्लंडमध्ये सज्ञान माणसाच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार नुसत्या नात्याने मिळत नाही. त्यासाठी त्या माणसाने शुद्धीत असताना ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’ करून दिलेली असावी लागते किंवा कोर्टाने कुणाला तरी नेमावं लागतं. आणि ‘मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५’ म्हणतो की सज्ञान माणसाला निर्णय घेता येतो असंच धरून चाला. येत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्याची. त्यातली एक ओळ मी विद्यार्थ्यांना हटकून दाखवते: निर्णय अविचारी आहे एवढ्यावरून माणसाला निर्णय घेता येत नाही असं मानायचं नाही. मराठी घरात या ओळीचं काय होईल? ‘आई, तू वेड्यासारखं बोलू नकोस’ हे वाक्य आपण दिवसातून कितीदा म्हणतो! आजीने ‘मला साताऱ्याला जायचंय, तिथे मेले तरी बेहत्तर’ म्हटलं तर आपण तो निर्णय मानणार नाही, हट्ट मानू. आजोबांनी हेच म्हटलं असतं तर कदाचित त्याला ‘त्यांचं ठरलंय’ म्हटलं असतं. हट्ट आणि निर्णय यांतला फरक पुष्कळदा बोलणाऱ्याच्या लिंगावर आणि बँकेतल्या शिलकेवर ठरतो.

पण आपल्या आजीने हट्टही केलेला नाही. तिने ‘मुलगा म्हणेल तसं’ म्हटलंय. आणि इथे दोन तयार उत्तरं हजर असतात. दोन्ही मला खोटी वाटतात.

पहिलं म्हणजे, ही त्यांची संस्कृती आहे, तिचा मान राखा. आशियाई कुटुंबं आपल्या माणसांचं बघतात, हा समज इथल्या सेवाक्षेत्रात जुना आहे. आपणही तो अभिमानाने मिरवतो. पण कौन्सिलच्या आटलेल्या तिजोरीला तो फार परवडतो, हेही लक्षात घ्यायला हवं. कुटुंब बघतंय म्हटलं की केअररचे तास कमी, फाइल पातळ. ‘बघतंय’ म्हणजे घरातलं नेमकं कोण बघतंय, हे विचारलं जात नाही. संस्कृतीचा मान राखणं इतकं स्वस्त पडत असेल तर मला त्या मानाचा संशय येतो.

दुसरं उत्तर आमच्या विद्यापीठी वर्तुळातलं. म्हणे या बाईला जन्मभर कुणी काही विचारलंच नाही, म्हणून तिच्या इच्छाच आक्रसल्या आहेत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जॉन एल्स्टर या विचारवंताने १९८३ मध्ये याच गोष्टीच्या नावाने एक पुस्तक लिहिलं, आणि जे मिळणार नाही ते मुळात नकोच होतं असं मनाला कसं पटतं याचा माग काढला. अमर्त्य सेन आणि मार्था नुसबाम यांनीही दाखवलंय की वंचित माणूस समाधानी दिसतो, एवढ्यावरून त्याचं बरं चाललंय असं म्हणता येत नाही. हे खरं आहे. पण हे ज्ञान घेऊन आजीच्या खाटेपाशी गेलं की काय होतं पाहा. आजी जे बोलते ते तिचं खरं मत नाही, तिचं खरं मत मला ठाऊक आहे! म्हणजे आपण फिरून त्या १८६९ च्या मायाळू स्वयंसेवकाच्या जागी. तेव्हा चर्चच्या नावाने, आता मुक्तीच्या नावाने.

माझं मत असं आहे की निर्णय दुसऱ्यावर सोपवणं हाही निर्णय असू शकतो. आपण कराचे कागद सीएकडे देतो, लग्नातलं जेवण आचाऱ्यावर सोडतो. चाळीस वर्षं ज्या मुलाला ओळखते त्याच्यावर आजीने विश्वास टाकला, तर त्यात गुलामी शोधायची काही गरज नाही. कॅट्रिओना मॅकेन्झी आणि नॅटली स्टोल्यार या दोघींनी २००० साली संपादित केलेल्या एका ग्रंथापासून नात्यांतून घडणाऱ्या स्वायत्ततेची बरीच चर्चा झाली आहे. माणूस एकट्याने, चारी बाजूंचे धागे तोडून ठरवतो तेव्हाच ते त्याचं ठरवणं, हा समजच तपासला पाहिजे, अशी ती चर्चा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

मात्र सीएकडून कागद परत घेता येतात. सोपवणं आणि सुटणं यांत हाच फरक आहे. म्हणून आजीने काय निवडलं यापेक्षा मला वेगळं काही विचारावंसं वाटतं. तिने ‘नाही’ म्हटलं असतं तर ते ‘नाही’ गेलं कुठे असतं? साताऱ्याचं घर अजून तिच्या नावावर आहे की विकून इथल्या घराच्या डिपॉझिटला लागलं? पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे? बँकेचं कार्ड तिच्या हातात आहे का? बहिणीला ती एकटी फोन करू शकते का, की नातवाने लावून द्यावा लागतो? मुलगा खोलीत नसताना तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी आहे का? स्वयंनिर्णय मनाच्या आत कुठेतरी असतो अशी आपली समजूत असते. तो बराचसा असा कपाटात, पर्समध्ये आणि फोनमध्ये असतो. माणसाकडे त्याच्या परिस्थितीसकट पाहायचं, हा समाजकार्याचा दुसरा मोठा धडा. मेरी रिचमंड यांच्या १९१७ च्या ‘सोशल डायग्नोसिस’पासून तो गिरवला जातोय. गंमत म्हणजे वर्गात हे दोन धडे वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवतात. आजीपाशी ते एकच असतात.

इथल्या अपील न्यायालयात २०१२ मध्ये ‘डीएल’ या आद्याक्षरांनी ओळखलं जाणारं एक प्रकरण गेलं होतं. वडील ८५ वर्षांचे, आई ९०, आणि त्यांच्यासोबत राहणारा पन्नाशीतला मुलगा. घर माझ्या नावावर करा म्हणून तो वडिलांवर दबाव आणत होता, आईला तिच्या मनाविरुद्ध केअर होममध्ये पाठवायच्या मागे होता, असा कौन्सिलचा आरोप होता. अडचण अशी की दोघांची बुद्धी शाबूत होती, म्हणजे मेंटल कपॅसिटी ॲक्ट लागू होत नव्हता. मग न्यायालयाने हात वर करायचे का? न्यायालय म्हणालं, नाही. बुद्धी शाबूत असली तरी धाकाखाली असलेल्या माणसासाठी उच्च न्यायालयाचे मूळचे अधिकार शिल्लक आहेत. मला यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. या अधिकारांचा हेतू त्या म्हाताऱ्यांच्या वतीने ठरवणं हा नव्हता. त्यांच्याभोवतीचा दबाव हटवून त्यांना ठरवू देणं हा होता.

आपल्या आजीचा मुलगा असा नाही. पण दबावाला आवाज लागतोच असं नाही. ‘तू म्हणशील तसं करू, पण तुझ्या सुनेला परत नोकरी सोडावी लागेल’ हे वाक्य अत्यंत प्रेमाने उच्चारता येतं, आणि ते खरंही असतं.

सुनेचं काय? स्वयंनिर्णयाच्या आमच्या बहुतेक चर्चांत ती चहाचा ट्रे घेऊन येते आणि जाते. केअर ॲक्टमध्ये मात्र तिच्यासाठीही जागा आहे. घरात काळजी घेणाऱ्या व्यक्तीचीही स्वतंत्र तपासणी व्हावी, आणि तिला हे जमणार आहे का एवढंच नव्हे, तर करायची तिची तयारी आहे का, पुढेही राहील का, हे पाहावं, असं कायदा सांगतो. ‘तयारी आहे का?’ हा प्रश्न मराठी सुनेला तिच्या आयुष्यात कुणी विचारलेला असण्याची शक्यता किती? आणि तिचं उत्तर काय येणार? तेच. ‘चालेल.’ एका घरात दोन बायका एकमेकींसाठी ‘चालेल’ म्हणतात आणि दोघींनाही ते चालणार नसतं, असं होऊ शकतं. तेव्हा आजीचा स्वयंनिर्णय हा सुनेच्या आयुष्यावर टाकलेला बोजा ठरू शकतो, याचं बीस्टेककडे समाधानकारक उत्तर नाही. त्यांनी मर्यादा सांगितल्या आहेत. माणसाची कुवत, कायदा, नीती, संस्थेचं कार्यक्षेत्र. थकलेली सून त्या यादीत नेमकी कुठे बसते ते मला अजून सापडलेलं नाही. हेलन हॅरिस पर्लमन यांनी तर १९६५ मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच विचारलं होतं की स्वयंनिर्णय हे वास्तव आहे की भ्रम.

तत्त्वाची आणखी एक काळी बाजू आहे. माणसाने मदत नाकारली, त्याला समज आहे, म्हणून फाइल बंद. घरात उकिरडा झालाय, जखम चिघळली आहे, पण ‘ही त्यांची जीवनशैली आहे’ असा शेरा मारला जातो. अशा मृत्यूंनंतर जे चौकशी-अहवाल निघतात, त्यांत या शेऱ्यावर वारंवार ताशेरे असतात. आदर आणि दुर्लक्ष फॉर्मवर अगदी सारखे दिसतात. उलट बाजूही तितकीच खरी. न्यायमूर्ती मन्बी यांनी २००७ च्या एका निकालात विचारलं होतं की एखाद्याला सुरक्षित करून केवळ दुःखीच करणार असू, तर त्याचा उपयोग काय? केअर होममध्ये आजी पडणार नाही. सकाळी साडेसातला तिला पॉरिज मिळेल. दिवसभर तिच्याशी तिच्या भाषेत कुणी बोलणार नाही.

मग सोशल वर्करने करायचं काय? मला ज्या चांगल्या सोशल वर्कर भेटल्या, त्या मोठा प्रश्न विचारतच नाहीत. ‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न मराठीत थेट विचारला की दुकानदाराचा वाटतो, नाहीतर भांडणाचा. त्या एकट्या बसतात, दुभाषी घरचा नसेल याची काळजी घेतात. सकाळी उठल्यावर आधी काय करता? पहिला चहा कोण करतं? साताऱ्याच्या घरी खिडकीतून काय दिसायचं? इथे कंटाळा कधी येतो? आणि दोनदा-तीनदा येतात. पहिल्या भेटीतली आजी पाहुण्याशी बोलत असते, तिसऱ्या भेटीतली कदाचित माणसाशी. दुभाषीही चांगला असेल तर ‘चालेल’चं ‘येस’ करत नाही. तो म्हणतो, ‘त्या हो म्हणाल्या नाहीत, हरकत नाही म्हणाल्या.’ एवढ्या एका वाक्याने निकाल बदलू शकतो. पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि हॉस्पिटलला खाट उद्या हवी असते. नीतीचा प्रश्न म्हणून आपण जे चघळतो, त्यातलं निम्मं शेवटी किती सोशल वर्कर नेमल्या आणि एकीकडे किती केसेस दिल्या यावर येऊन थांबतं.

असं सगळं केल्यावरही आजी म्हणू शकते, ‘बाई, तू चांगली आहेस, पण मुलगा म्हणेल तसं.’ मग ते मानायचं. ते पहिल्या दिवशीचं वाक्य नसतं.

आपल्या देशात समाजकार्याचं शिक्षण याच शहरी गल्लीबोळांतून सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशनमधून आलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहुड हाऊस चालवलं. १९३६ मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं, आजचं टिस, आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. वस्तीत राहून, शेजारी होऊन काम करण्याची ती रीत लंडनच्या टॉयन्बी हॉलची (१८८४) आणि जेन ॲडम्स यांच्या शिकागोतल्या हल हाऊसची (१८८९). शेजाऱ्याला विचारावं लागतं, कारण उद्या पुन्हा जिन्यात भेट व्हायची असते. आपण जे इतक्या लांब येऊन राहिलो, त्यांची आईवडिलांशी नेमकी हीच जिन्यातली भेट तुटली आहे.

माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आता पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आईबाबांच्या हॉलमध्ये कॅमेरा आहे. ब्युरोची बाई वेळेवर येते का, बाबांनी गोळ्या घेतल्या का, रात्री कुणी पडलं तर कळावं. कारणं खरी आहेत, सात हजार किलोमीटरवरून दुसरं काय करणार? बसवायच्या आधी विचारलं होतं, असंही सगळे सांगतात. काय म्हणाले, तर ‘चालेल’ म्हणाले. पुढच्या भेटीत आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मावशीशी फोनवर बोलताना दिसली, हॉलमधली आरामखुर्ची सोडून, तर तिला ‘इथे का बसलीस’ असं विचारण्याआधी तो कॅमेरा बंद कसा करायचा, हे तिला दाखवून द्यावं.